एक ठोका, दोन ठोके

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला किंवा रेवसला जाणाऱ्या जुन्या लाकडी लाँचमध्ये मी शक्यतो इंजिनाच्या जवळची जागा धरतो. तिथे डिझेलचा वास असतो, बाकड्याची फळी थरथरत असते आणि बोलायचे तर ओरडावे लागते, म्हणून इतर प्रवासी ती टाळतात. मला मात्र तिथून घंटी ऐकू येते. वर सुकाणूपाशी उभा असलेला तांडेल दोरी ओढतो, खाली इंजिनापाशी बसलेला ड्रायव्हर ठोके मोजतो आणि त्याप्रमाणे दांडा पुढे किंवा मागे करतो. तांडेलाला समुद्र दिसतो, पण इंजिन त्याच्या हातात नसते. ड्रायव्हरच्या हातात इंजिन असते, पण त्याला समुद्र दिसत नाही. त्या दोघांमध्ये फक्त एक दोरी आणि पितळेची एक घंटी.

ही पद्धत आली कुठून, तिची गरज का पडली आणि आता ती नाहीशी होत असताना तिच्याबरोबर आणखी काय जात आहे, या प्रश्नांमागे मी काही वर्षे लागलो आहे. आरंभी हा विषय मला गमतीचा वाटत होता. १८ डिसेंबर २०२४ नंतर तो तसा राहिला नाही.

त्या दिवशी दुपारी गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर नौदलाची एक वेगवान बोट येऊन आदळली. लाँचवर शंभराहून अधिक माणसे होती. दोन्ही बोटींवरचे मिळून पंधरा जण गेले. इंजिनाची चाचणी चालू असताना त्यात बिघाड झाला आणि बोटीवरचा ताबा सुटला, असे नौदलाने त्याच दिवशी जाहीर केले. टक्कर होण्यापूर्वी ती बोट पाण्यावर वळसे घेत आहे, असे एका प्रवाशाने मोबाइलवर टिपलेले दृश्य देशभर पाहिले गेले. पुढे चर्चा झाली ती लाइफ जॅकेटची आणि प्रवाशांच्या संख्येची. ती व्हायलाच हवी होती. पण इंजिनाची ताकद पाण्यात उतरवायची आणि हवी तेव्हा ती काढून घ्यायची, ही जी मुळातली गोष्ट, तिच्याबद्दल फारसे कुणी बोलले नाही. तिलाही इतिहास आहे.

शब्द आधी, इंजिन नंतर

१८११ साली कलकत्त्याला टॉमस रोबक याचा एक कोश प्रसिद्ध झाला. जहाजावरच्या इंग्रजी शब्दांना खलाशांच्या हिंदुस्थानी बोलीतले प्रतिशब्द त्यात दिले होते. पुढे १८८२ मध्ये जॉर्ज स्मॉल याने त्याची सुधारलेली आवृत्ती ‘लस्करी’ कोश म्हणून काढली. जहाजावरची ही बोली म्हणजे फारसी, पोर्तुगीज, हिंदी, गुजराती, मराठी अशा सगळ्यांचा काला. तिच्यात जहाजाची पुढची बाजू ‘आगिल’ आणि मागची ‘पिछिल’. उजवी बाजू ‘जमना’, जो शब्द गुजराती माणसाला घरचा वाटेल; डावी बाजू ‘डावा’, जो आपल्यालाही घरचा वाटतो. सारंग हा शब्द फारसी ‘सरहंग’वरून आला. तांडेल तर पश्चिम किनाऱ्यावर केरळपासून पालघरपर्यंत थोड्याफार फरकाने सगळीकडे भेटतो.

म्हणजे पुढे, मागे, उजवे, डावे हे हुकूम आपल्याकडे इंजिनाच्या आधीपासून होते. पण शिडाच्या जहाजावर ‘मागे’ हा हुकूम जवळजवळ निरुपयोगी. वारा पाठीशी असलेले गलबत मागे घेता येत नाही. ते वळवावे लागते, शीड उतरवावे लागते किंवा नांगर टाकावा लागतो. ‘मागे’ या शब्दाला खरा अर्थ आला तो वाफेबरोबर.

मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझला निघाली. तिच्या दोन्ही बाजूंना मोठी चाके होती. वाफेचे इंजिन आणि ही चाके यांच्यामध्ये आजच्यासारखा गियर नव्हता, कारण तो लागतच नव्हता. वाफेच्या इंजिनाचा एक मोठा गुण असा की ते उभे असतानाच पूर्ण जोर लावू शकते आणि वाफ उलट बाजूने सोडली की उलटेही फिरते. थांबायचे असेल तर वाफ बंद करायची. इंजिन थांबते, चाक थांबते. वाफेला ‘न्यूट्रल’ ठाऊक नाही.

मात्र अडचण दुसरीकडे होती. कप्तान वर, इंजिन खाली. टेम्सवरच्या लहान आगबोटींवर यासाठी एक पोरगा ठेवत. कप्तान हाताने खूण करी आणि इंजिनाच्या झरोक्यापाशी उभा असलेला तो पोरगा खाली ओरडे: हळू करा, थांबवा, मागे घ्या. नदीकाठच्या लोकांना त्याची आरोळी इतकी परिचित होती की विनोदी साप्ताहिकांतून तिची नक्कल होई. मोठ्या जहाजांसाठी लिव्हरपूलच्या चॅडबर्न घराण्याने १८७०च्या सुमाराला तबकडीचा टेलिग्राफ प्रचारात आणला. चित्रपटांत दिसतो तोच: पितळी खांब, वर गोल तबकडी, तिच्यावर हुकूम लिहिलेले आणि एक मूठ. वर मूठ फिरवली की खालच्या तबकडीचा काटा त्याच हुकमावर जातो आणि घंटा वाजते. यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्या घंटेच्या नंतरची आहे. खालचा माणूस आपली मूठ त्याच हुकमावर आणतो आणि वरच्या तबकडीवर उत्तर उमटते. हुकूम पोचला, एवढेच नव्हे तर बरोबर पोचला, हे वरच्याला कळते.

लहान बोटींना हा थाट परवडत नव्हता. त्यांनी घंटी घेतली.

ठोक्यांची भाषा

अमेरिकेच्या नद्यांवर आणि बंदरांतल्या टगबोटींवर घंटांची एक ठरलेली भाषा होती. बोट उभी असताना एक ठोका म्हणजे हळू पुढे. चालत्या बोटीवर तोच एक ठोका म्हणजे वेग कमी कर किंवा थांब. दोन ठोके म्हणजे मागे. लहान घंटीची किणकिण म्हणजे पूर्ण वेग. आपल्याकडे केरळच्या जलवाहतुकीच्या बोटींवर स्रांक, म्हणजे सारंग, वर चाकापाशी आणि ड्रायव्हर खाली इंजिनापाशी अशीच रीत चालत आली. मुंबईच्या लाँचवर मी जे ठोके टिपले ते याच कुळातले, पण प्रत्येक लाँचची खोड थोडी निराळी.

या भाषेची गंमत आणि तिचा धोका एकाच ठिकाणी आहे. एकाच ठोक्याचे दोन अर्थ. कोणता घ्यायचा ते बोट त्या क्षणी काय करत आहे यावर अवलंबून. ड्रायव्हरने मनात सतत हिशेब ठेवायचा की आपण आता पुढे आहोत, उभे आहोत की मागे. एक ठोका ऐकायचा राहिला तर पुढचे सगळे अर्थ उलटे होतात, आणि धक्का तर समोर आलेला असतो. एका जुन्या ड्रायव्हरला मी विचारले, चूक होत नाही का? तो म्हणाला, “घंटी ऐकून हात चालवला तर होते. तांडेल काय करणार ते आधी कळलं पाहिजे. घंटी नुसती खात्रीला.” तो खाली बसून लाटेवरून, किनाऱ्याच्या वासावरून, प्रवाशांच्या उठण्याच्या गलबल्यावरून धक्का किती दूर आहे ते ओळखत होता.

कायद्यानेही ही दोन माणसे वेगळी मानली. १९१७च्या अंतर्देशीय आगबोटींच्या कायद्यात मास्टर आणि सारंग यांची प्रमाणपत्रे एका बाजूला आणि इंजिनियर व इंजिन-ड्रायव्हर यांची दुसऱ्या बाजूला. त्याची जागा घेणारा नवा कायदा २०२१ मध्ये आला. मधली शंभरावर वर्षे आपल्या खाड्यांमधली वाहतूक या दोन माणसांच्या समजुतीवर चालली.

न्यूट्रल कशासाठी

वाफ गेली आणि तेलावरची इंजिने आली तेव्हा गियरची गरज पडली. १८८६ मध्ये गॉटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीत नेकार नदीवर पेट्रोल इंजिनाची बोट चालवली. पेट्रोलचा स्फोट होईल म्हणून लोक घाबरत, तेव्हा बोटीवर तारा आणि चिनी मातीचे गट्टू लावून ती विजेवर चालते असा भास निर्माण केला, अशी गोष्ट सांगतात.

तेलाच्या इंजिनाचे तीन स्वभाव वाफेहून वेगळे आहेत. ते भार असताना उभ्या जागेवरून सुरू होत नाही. ते एका ठरावीक फेऱ्यांच्या खाली चालत नाही, बंद पडते. आणि सहसा ते उलटे फिरत नाही. म्हणून इंजिन फिरते ठेवून पंखा त्याच्यापासून सोडवण्याची सोय लागते, हा न्यूट्रल. इंजिन एकाच दिशेने फिरत असताना पंखा उलटा फिरवण्याची सोय लागते, हा रिव्हर्स. आणि फेऱ्या कमीजास्त करायला थ्रॉटल.

या सोयी लगेच आल्या नाहीत. विस्कॉन्सिनमधल्या ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये बाजारात आणलेले बोटीच्या पाठीला टांगायचे इंजिन दीड अश्वशक्तीचे होते, वजन ६२ पौंड आणि किंमत ६२ डॉलर. त्याला गियर नव्हता. इंजिन लागले की बोट निघालीच. त्यामुळे आधी सुटायचे आणि मग चाक फिरवायचे, किनारा आला की इंजिन बंद करून उरलेल्या वेगावर लागायचे. अशा इंजिनांना पुढे, न्यूट्रल, मागे अशा तिन्ही जागा असलेला गियर जॉन्सन कंपनीच्या दहा अश्वशक्तीच्या मॉडेलात १९४९ मध्ये आला. म्हणजे न्यूट्रल यायला चाळीस वर्षे लागली.

आपल्या किनाऱ्यावर साधारण त्याच सुमाराला मासेमारीच्या होड्यांना इंजिने बसू लागली. १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन केरळात नीण्डकराजवळ प्रकल्प सुरू झाला. पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून होड्या यांत्रिक करण्याला सरकारी बळ मिळाले आणि आपल्याकडच्या कोळीवाड्यांतही डिझेल इंजिने आली. दामण आणि परवाण सांभाळणाऱ्या हातांत दांडा आला. शीड उतरवून धक्क्याला लागणाऱ्या नाखव्याला वेग मारायची कला येतच होती. नवी होती ती वेग उलटा लावायची कला.

मागे म्हणजे पुढेच्या उलट नव्हे

ही कला काय आहे ते मला स्वतःच्या फजितीतून कळले. माहिती गोळा करण्याच्या नादात एकदा एका ओळखीच्या माणसाच्या लहान बोटीचा दांडा मी हातात घेतला. धक्का जवळ आला तसा घाबरलो आणि पुढे असलेला दांडा एका झटक्यात थेट मागे ओढला. इंजिन गचका खाऊन बंद पडले. बोटीला ब्रेक नसतो. रिव्हर्स हाच ब्रेक, आणि तोच मी मारून टाकला होता. बोट धक्क्यावर आपटली, नाळेची फळी फुटली. कुणाला लागले नाही. बोटीच्या मालकाने फळीचे पैसे घेतले नाहीत, पण दांडा परत माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “आता दहा वेळा हळू करून दाखवा.”

का बंद पडले? बोट पुढे जात असताना पाणीच पंख्याला पुढच्या दिशेने फिरवत असते. थ्रॉटल कमी न करता, मध्ये न थांबता रिव्हर्स टाकला तर कमी ताकदीच्या, मंद फिरणाऱ्या इंजिनाला तो फिरता पंखा थांबवून उलटा फिरवावा लागतो. इंजिन हरते. जिंकले तर त्याचा भार गियरच्या दातांवर आणि शाफ्टवर येतो. म्हणून क्रम असा: थ्रॉटल पूर्ण खाली, दांडा न्यूट्रलला, एकदोन श्वास थांबायचे, बोटीचा वेग ओसरू द्यायचा, मग रिव्हर्स आणि मग थोडा थ्रॉटल. जाणता माणूस धक्क्यापासून लांब असतानाच एकदा रिव्हर्स लावून पाहतो, म्हणजे तो लागत नसेल तर ते मोकळ्या पाण्यात कळते.

दुसरी एक गोष्ट नवख्याला विसंगत वाटते. बोटीच्या पाठीला टांगलेल्या इंजिनात दोन दातेरी चाके सतत विरुद्ध दिशांना फिरत असतात आणि मधला दातेरी तुकडा यातल्या एकाला जाऊन अडकतो. तिथे दांडा हळूहळू सरकवणे म्हणजे दातांवर दात घासणे, कटकट आवाज आणि झीज. तिथे इंजिन मंद ठेवायचे, पण दांडा मात्र ठामपणे, एका हालचालीत टाकायचा. हळुवारपणा थ्रॉटलला हवा, गियरला नको. लाँचच्या मोठ्या गियरबॉक्सात क्लचच्या तबकड्या असतात, त्यांची रीत आणखी वेगळी.

आणि रिव्हर्समध्ये बोट सरळ मागे जात नाही. उजवीकडे फिरणारा एकच पंखा असेल तर उलटा फिरताना तो बोटीची पाठ डावीकडे ओढतो, म्हणजे नाळ उजवीकडे वळते. हा धडा इतिहासात फार मोठ्या किमतीला शिकला गेला आहे. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या अरुंद खाडीत ‘मोंट ब्लांक’ आणि ‘इमो’ ही जहाजे समोरासमोर आली. टक्कर टळावी म्हणून ‘इमो’ने इंजिने उलटी फिरवली. ती जवळजवळ रिकामी, त्यामुळे पाण्यावर उंच होती. उलट्या पंख्याने तिचे नाक उजवीकडे वळवले आणि ते ‘मोंट ब्लांक’च्या कुशीत शिरले. ‘मोंट ब्लांक’मध्ये दारूगोळा भरलेला होता. पुढच्या स्फोटाने शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला आणि सतराशेहून अधिक माणसे मेली. अपघाताची कारणे अनेक होती. पण ‘मागे’ या हुकमाने बोट वळतेही, हे त्यातले एक.

दोन माणसांचा एक हात

आधी हुकूम देणारा एक आणि पाळणारा दुसरा होता. मग लहान बोटींवर गियरचा एक दांडा आणि थ्रॉटलचा दुसरा, असे दोन्ही सुकाणूपाशी आले. त्यानंतर दोन्हींचा मिळून एकच दांडा झाला. तो उभा असला की न्यूट्रल. थोडा पुढे ढकलला की गियर पडतो; आणखी ढकलला की तोच थ्रॉटल होतो. मागेही तसेच. फेऱ्या जास्त असताना गियर टाकण्याची चूक या रचनेत जवळपास अशक्य झाली, हा मोठा फायदा. पण हात घसरला, लाटेने तोल गेला किंवा कुणी आधारासाठी त्याच दांड्याला धरले, तर गियर आणि वेग दोन्ही एकदमच मिळतात. दुसरा माणूस जो क्षणभराचा वेळ घेत होता, तो वेळ आता कुणीच घेत नाही.

म्हणून तो वेळ यंत्रात परत घालावा लागला. अमेरिकेत १९७१च्या फेडरल बोट सेफ्टी कायद्याखाली असा नियम झाला की ११५ पौंड किंवा जास्त रेटा देणारे टांगते इंजिन गियरमध्ये असताना सुरूच होता कामा नये. दुसरी सोय लाल दोरीची: तिचे एक टोक चालकाच्या मांडीला, मनगटाला किंवा जॅकेटला, दुसरे इंजिनाच्या बटणाला. चालक जागेवरून फेकला गेला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडते. इंग्लंडमध्ये ५ मे २०१३ रोजी पॅडस्टोच्या खाडीत एक कुटुंब वेगवान बोटीतून फेकले गेले. दोरी कुणाला लावलेली नव्हती. रिकामी बोट गोल गोल फिरत पाण्यातल्या त्याच माणसांवर परत आली. वडील आणि मुलगी गेली. १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत २६ फुटांखालच्या बोटींवर ही दोरी लावणे कायद्याने आवश्यक झाले.

मला घंटीबद्दल हळहळ वाटते, पण ती पद्धत परत आणा असे मी म्हणणार नाही. चुकलेल्या ठोक्यांनी धक्क्यांवर किती फळ्या फुटल्या असतील याची नोंद कुणी ठेवलेली नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की घंटीच्या काळात ड्रायव्हर कुणाच्या तरी हाताखाली वर्षानुवर्षे तयार होई. न्यूट्रलमध्ये थांबायचे किती, हे त्याला शब्दांत सांगता आले नसते, पण हाताला माहीत होते. यंत्र सोपे झाले तशी ही उमेदवारी संपली. दांडा आता कुणालाही ढकलता येतो, म्हणून शिकवण्याची गरज नाही असे आपण धरून चाललो.

गेल्या मे महिन्यात कोकणातल्या एका गजबजलेल्या किनाऱ्यावर मी पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटी पाहत उभा होतो. बोट चालवणारा मुलगा विशीतला, चपळ, लाटेवर बोट धरून ठेवण्यात तरबेज. माणसे गुडघाभर पाण्यातून चढत होती, इंजिन चालूच होते आणि पंखा त्यांच्यापासून हातभरावर. दांडा न्यूट्रलला होता, एवढाच काय तो आधार. लाल दोरी बटणाला जोडलेली होती. तिचे दुसरे टोक त्याने बोटीच्या कडीला पक्के बांधून टाकले होते. मी विचारले, ही कशाला असते? तो हसून म्हणाला, “ती निघाली की इंजिन बंद पडतं काका, म्हणून बांधून ठेवलीय.”

मी त्याला घंटीचे काही सांगितले नाही. दोरीची गाठ सोडून त्याच्या मनगटाला घालायला लावली आणि एक उडी मारून दाखव म्हणालो. त्याने उडी मारली. इंजिन थांबले. चढणारी माणसे आमच्याकडे पाहू लागली. तो पाण्यातून वर आला आणि दोरीच्या टोकाकडे काही वेळ बघत राहिला.